मोजणीला किती लागतात?

आजचं बोलणं बांधावरचं आहे. आपलं कोरेगाव म्हणजे साताऱ्याचं कोरेगाव, भीमेकाठचं नव्हे. तीळगंगेचं, जरंडेश्वराच्या पायथ्याचं, वाघ्या घेवड्याचं. इथं ऊस तुटून गेला आणि रानं मोकळी झाली की गावोगाव एक प्रश्न ऐकू येतो, "तुमची मोजणी आली का?" त्याला जोडून दुसरा येतो, "किती लागले?"

हा दुसरा प्रश्न आम्ही गेले काही महिने बचत गटाच्या बैठकीत, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, एसटीच्या रांगेत विचारत आलो. सरळ आकडा एकीनंही दिला नाही. कुणी म्हणाली दोन हजार. कुणी म्हणाली, दोन हजार पावतीचे, बाकीचे विचारू नका. एक म्हणाली, म्हैस गेली. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ गेला." तो मेला नव्हता, बोलायचा थांबला होता. तेव्हा आम्ही ठरवलं की या खर्चाचा इतिहास शोधायचा. जमीन मोजायची कुणी, कशासाठी, आणि पैसे कुणी द्यायचे, हे आपल्या भागात निरनिराळ्या काळी निरनिराळं होतं.

आधी थोडं गणित करू, ते घरात उपयोगी पडतं. एक साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आता दहा साखळ्यांचा, म्हणजे ३३० फूट लांबीचा बांध घ्या. शेजाऱ्यानं दरवर्षी नांगराचा तास जरा आत घेतला, बांधाची चार बोटं कोरली. चार बोटं म्हणजे तीन इंच धरा. तेरा-चौदा वर्षांत बांध सव्वातीन फुटांच्या थोडा पुढं सरकतो, आणि ३३० फुटांच्या बांधाला सव्वातीन फुटांहून थोडं जास्त म्हणजे बरोबर एक गुंठा. कुणी चोरी केली असं कुणाला वाटत नाही. एका दिवसात काहीच होत नाही. पण मुलगी जन्मली तेव्हा जिथं बांध होता, तिथं तिच्या दहावीच्या वर्षी आल्याच्या दोन सऱ्या उभ्या असतात, दुसऱ्याच्या.

पूर्वी काठी होती. शिवाजी महाराजांच्या काळी अण्णाजी दत्तोंनी जमिनीची मोजणी केली, तेव्हाची काठी पाच हात आणि पाच मुठींची. हात चौदा तसूंचा धरला की काठी ८२ तसूंची होते. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. सभासद बखरीत हे माप आलं आहे. मोजणी सरकारची असे आणि ती साऱ्यासाठी असे. माझा बांध नीट आहे का, हे बघायला कुणी काठी घेऊन येत नसे.

मग बांधाचा, शिवेचा तंटा झाला तर? तो गोतापुढं, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांपुढं, बलुतेदारांपुढं जाई. कागद नसे, तिथं माणसाची आठवण हाच कागद. गावाची शीव कुठून जाते हे सांगण्यात महारांची साक्ष मोठी मानली जाई, कारण शिवेवर फिरणं, खुणा राखणं हे त्यांचं काम. काही तंट्यांत शीव चालून दाखवावी लागे. एखादा माणूस देवाची शपथ घेऊन शिवेवरून चालत जाई आणि तो चालेल ती हद्द. पुढच्या ठरलेल्या दिवसांत त्याच्यावर काही संकट आलं, घरात मृत्यू झाला, तर तो खोटा ठरे. काही ठिकाणी रवा काढायचं दिव्य होई, म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. हात भाजला की पक्ष खोटा. शीव गावाची, पीक दुसऱ्याचं, आणि शपथेचा भार पुष्कळदा ज्याच्या नावावर फार काही नव्हतं त्या माणसाच्या अंगावर. मोजणीच्या खर्चाच्या यादीत हा खर्च कुणी धरत नाही, म्हणून आम्ही तो आधी सांगितला.

पैशांचा खर्चही होता. निकाल लागला की हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेत आणि जिंकणाऱ्याकडून हरकी. हरकी म्हणजे आनंदाचा पैसा. तुझं तुला मिळालं, तू खूश झालास, तर सरकारात भर. आम्हाला हे वाचताना हसू आलं, पण आजही कुणी निकाल लागल्यावर पेढे कुणाकुणाला वाटावे लागतात याची यादी करून बघावी.

पुढं पेशवाई गेली आणि इंग्रज आले. त्यांनी पुणे जिल्ह्यात पहिली मोठी पैमाश केली ती प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं. १८३० च्या सुमाराला त्याचे दर लागू झाले. बी-बियाणं, बैल, मजुरी वजा जाता शेतात निव्वळ किती उरतं याचा हिशोब मांडायचा आणि त्यातले शंभरातले ५५ सरकारनं घ्यायचे. कागदावर हिशोब फार नेटका होता. रानात मात्र तो करणारी माणसं खालची, कमी पगाराची, आणि लाचेला सरावलेली होती. ज्यानं हात ओला केला त्याची काळी जमीन माळ झाली, ज्यानं नाही केला त्याचा माळ काळा झाला. एवढा सारा भरणं अशक्य झालं. पुष्कळ शेतकरी जमिनी टाकून शेजारच्या मुलखात निघून गेले आणि रानं पडीक पडली. मोजणी चुकली की शेतकरी गाव सोडतो, हे तेव्हा इंग्रजांनाही दिसलं.

म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं सुरुवात केली. १८४७ साली या पद्धतीचे नियम एकत्र लिहिले गेले, आणि मुंबई इलाख्यात सगळीकडे हीच पद्धत गेली. आपल्याकडे ती जरा उशिरा आली. साताऱ्याला तेव्हा छत्रपतींचं राज्य होतं. १८४८ साली शहाजी राजे उर्फ आप्पासाहेब वारले, इंग्रजांनी दत्तक मान्य केला नाही, संस्थान खालसा झालं. त्यानंतर साखळी घेऊन पैमाशीची माणसं कोरेगाव, रहिमतपूर, वाठारच्या रानात उतरली.

त्यांची साखळी ३३ फुटांची होती, विलायतेतल्या ६६ फुटी साखळीच्या बरोबर अर्धी. साखळीचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. शंकू-साखळीनं शेताचे काटकोन पाडून टिपण काढायचं, टिपणावरून क्षेत्राचा गुणाकार करायचा, मग गावचा नकाशा. मागाहून प्रतबंदीचा माणूस येई. तो शेतात ठिकठिकाणी खड्डा घेऊन माती किती खोल आहे बघे. पावणेदोन हात खोल चांगली काळी माती असली तर सोळा आणे जमीन. मग खडी, चुनखडी, उतार, पाणी साचणं असे दोष निघाले की आणे कमी कमी होत जात. सोळा आणे म्हणजे पुरी चांगली, हे आपण आजही सुनेबद्दल बोलताना म्हणतो ना, तोच हिशोब तिथं मातीला लावला होता.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पैमाशीत शेताचा जो नंबर पाडला, तो साधारण एका बैलजोडीनं होईल एवढा पाडला. त्या नंबरात चार भाऊ वाटून खात असतील, एखादी विधवा भावजय कोपऱ्यातल्या दोन पट्ट्या करत असेल, ते पैमाशीला नको होतं. सरकारला सारा हवा होता आणि सारा भरणारं एक नाव हवं होतं. त्या नावाला खातेदार म्हणायचं. नंबर मोजला, नंबराच्या आतले वाटे मोजले नाहीत. आतले वाटे, म्हणजे पोटहिस्से, हे पुढं हक्कनोंदणी आल्यावर थोडेथोडे मोजायला घेतले. आज आपल्या तालुक्यात भावाभावांत आणि जावाजावांत जे बांधाचे तंटे आहेत, ते बहुतेक या न मोजलेल्या आतल्या रेघांचे आहेत. बाहेरची हद्द नकाशावर आहे. आतली सासऱ्यांनी पावलं टाकून दाखवलेली.

या पैमाशीची फी शेतकऱ्याकडून वेगळी घेतली नाही. एखादीला वाटेल, मग फुकटच झाली की. फुकट कशी? जे मोजलं त्यावरच सारा बसला आणि तो तीस वर्षं भरायचा होता. शिवाय हद्दीची खूण राखायची जबाबदारी जमीन करणाऱ्याची. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात ती स्पष्ट लिहिली आहे. बांध मोडला, दगड पडला तर दुरुस्ती त्यानं करायची. त्यानं नाही केली तर सरकार करेल आणि खर्च त्याच्याकडून वसूल होईल.

तीस वर्षांनी पैमाश पुन्हा होई आणि सारा वाढे. इंदापूरची मुदत १८६७ साली संपली आणि नवे दर पुष्कळ चढे आले. कापसाचे भाव तोवर पडायला लागले होते, सावकाराचं कर्ज होतंच. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्याची एक ठिणगी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या कुकरूडलाही पडली, ते गाव आता सांगलीत आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये दर तीस वर्षांच्या पैमाशीवर आणि त्या निमित्तानं वाढणाऱ्या साऱ्यावर कोरडे ओढले आहेत. फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यात. मोजणी म्हणजे काय हे त्यांना पुण्याला जाऊन शिकायला लागलं नसणार.

१९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा आला. सातबारा, फेरफार, ज्याला आपण 'उतारा' म्हणतो तो हळूहळू त्यातून उभा राहिला. आता सारा कोण भरतो एवढंच नव्हे, तर हक्क कुणाचा हेही लिहायचं होतं. पण लिहिणाऱ्याला सवय एका नावाची. एकत्र कुटुंब असलं की थोरल्या पुरुषाचं नाव आणि पुढं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही तीन अक्षरं साताऱ्यातल्या किती सातबाऱ्यांवर होती आणि अजून आहेत, ते आपापल्या घरी बघा. मॅनेजर मुंबईला गिरणीत, गोदीत, पुढं माथाडीत असायचा. रान बायका करायच्या. बांध कुठं होता, कुठल्या साली पावसानं फुटला, कोणत्या बाभळीपासून किती पावलं, हे त्यांना पाठ. आणि मोजणीची नोटीस यायची ती मॅनेजरच्या नावे.

मधल्या काळातली एक गोष्ट आमच्या आजीच्या पिढीला आठवायची. १९४३ ते ४६ च्या दरम्यान क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं सातारा भागात बसत. जमिनीचे, गहाणाचे, नवरा-बायकोचे तंटे गावातच मिटवत. वकील नाही, मुद्रांक नाही, तारीख पे तारीख नाही. सगळे निकाल बरोबरच असतील असं आम्ही म्हणणार नाही. पण कोर्टात जायच्या खर्चानं गांजलेल्या माणसाला ते का आवडले असतील, हे समजायला फार शिकावं लागत नाही.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. तुकड्या-तुकड्यांची जमीन एका जागी यावी हा हेतू. पुढच्या काही दशकांत गावोगाव एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. हेतू चांगला होता. पण कागदावर जमिनी बदलल्या आणि पुष्कळ ठिकाणी माणसं होती तिथंच राहिली. एकाच्या ताब्यात एक गट, उताऱ्यावर दुसरा. कुठं क्षेत्र कमी लागलं, कुठं जास्त. दोन पिढ्या कुणी काही बोललं नाही, कारण कोरडवाहू माळाला कोण भांडतो? मग धोमचं पाणी कालव्यातून आलं, ऊस आला, आलं आलं, रस्त्याकडेला दुकानाचे गाळे निघाले. गुंठ्याला भाव आला तशी जुनी चूक जागी झाली.

आता आजच्या खर्चाकडे येऊ. मोजणीचा अर्ज आता भूमि अभिलेख खात्याकडे ऑनलाइन करता येतो. बरीच वर्षं दर असे होते की एक हेक्टरपर्यंत साधी मोजणी १००० रुपये, तातडीची २०००, अतितातडीची ३०००. १ डिसेंबर २०२४ पासून दोनच प्रकार ठेवले, नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २००० आणि द्रुतगतीला ८००० रुपये. त्यापुढच्या प्रत्येक दोन हेक्टरला आणखी १००० किंवा ४०००. जिला घाई ती चौपट देते. घाई कुणाला असते? बांधावर जेसीबी उभा आहे, तिला. आणि नेमके तिच्याच हातात आठ हजार नसतात. २०२५ साली सरकारनं एकत्र कुटुंबातल्या वाटणीची पोटहिस्सा मोजणी २०० रुपयांत करायचं जाहीर केलं. दीडशे वर्षांपूर्वी जे आतले वाटे मोजायचे राहून गेले, ते मोजायला हे कमी पैसे आहेत, आणि आमच्या मते हा निर्णय आजवरच्या सगळ्या दरपत्रकांपेक्षा बायकांच्या जास्त कामाचा आहे. अट अशी की घरात वाटणी ठरलेली पाहिजे. ती ठरत नाही, हेच तर दुखणं.

तुमच्या सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून एक रकाना आहे. तो बघा. कितीतरी शेतांचा आकार वर्षाला दोन-चार रुपये आणि काही पैसे एवढाच आहे. हाच तो सारा, ज्याच्यासाठी साखळी आणली, खड्डे घेतले, गावं उठवली, ज्याच्यावर फुल्यांनी असूड उगारला. सरकारचं आता त्याच्यावाचून अडत नाही, तेवढ्यात एक कप चहाही येत नाही. मोजणीची गरज सरकारकडून आपल्याकडे सरकली, आणि तिच्याबरोबर पावतीही.

पावतीवर न येणारा खर्च असा. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना नोटिसा गेलेल्या असतात. ते येतात किंवा मुद्दाम येत नाहीत. बांध दिसला पाहिजे म्हणून झुडपं तोडायला दोन गडी. खुणेला दगड, चुना, लाकडी खुंट्या. उभा ऊस असेल तर तारीख वाया. मुंबईहून दीर यायचा तर त्याची रजा, तिकीट, आणि आल्यावर त्याचा राग. पूर्वी प्लेन टेबल घेऊन दिवसभर चाले, आता रोव्हर यंत्र उपग्रहावरून जागा पकडतं आणि काम लवकर उरकतं. पण यंत्र जुन्या नकाशालाच विचारून सांगतं. नकाशात चूक असेल तर यंत्र ती चूक फार अचूक दाखवेल.

मोजणी झाली की 'क' प्रत मिळते, हद्द दाखवलेला नकाशा. तो शेजाऱ्याला मान्य नसेल तर निमताना, म्हणजे वरच्या अधिकाऱ्यानं पुन्हा केलेली मोजणी. तीही नको असेल तर सुपर निमताना. प्रत्येक पायरीला नवी फी, नवी तारीख, नवे गडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे अर्ज करताना बहुतेकींना कुणी सांगत नाही: मोजणी हद्द दाखवते, ताबा देत नाही. अतिक्रमण निघालं आणि समोरच्यानं सोडलं नाही, तर पुढं दिवाणी कोर्ट. दोन हजारांत बांध परत येतो असं समजून गेलेल्या बाईला तिथं कळतं की दोन हजार हा फक्त पहिल्या दाराचा पास होता.

पण आपल्यातल्या पुष्कळजणी त्या पहिल्या दारापाशीच अडतात. अर्ज खातेदाराचा लागतो. सातबाऱ्यावर नाव नाही, तर अर्ज नाही, नोटीस नाही, पंचनाम्यावर सही नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि मुलीला वारस केलं. १९९२ साली शासनानं परिपत्रक काढलं की नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीचा तो परिणाम. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलीला जन्मानं वाटा दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वडील २००५ ला हयात असोत-नसोत, वाटा आहे. कायदा इतका पुढं आला. उताऱ्यावर मात्र किती घरांत लेकींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात पडून आहेत, खातेदाराच्या रकान्यात नाहीत. त्या रकान्यात सोसायटीचा बोजा लिहितात, विहिरीचा हिस्सा लिहितात, आणि लेक लिहितात.

आमच्यातल्या एकीचं सांगतो, तिच्या परवानगीनं, गाव न सांगता. नवरा गेल्याला अकरा वर्षं झाली. उताऱ्यावर थोरल्या दिराचं नाव, पुढं तीच तीन अक्षरं. रान ती करते, आलं आणि घेवडा. शेजाऱ्यानं बांध कोरला. दीर म्हणाला, "जाऊ दे वहिनी, एवढ्याशा जागेसाठी कशाला वैर?" ती अर्ज करायला गेली तर नाव नाही. मग वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज. वारस नोंदीला पैसे पडत नाहीत, वेळ पडतो. फेरफाराची नोटीस लागली, पंधरा दिवसांची मुदत. चौदाव्या दिवशी हरकत आली. शेजाऱ्याची नव्हे, दिराची. सुनावणीला ती चार वेळा तालुक्याला गेली, चार दिवसांची मजुरी बुडाली. आमच्यापैकी दोघी तिसऱ्या खेपेला बरोबर होतो. दीरही बाकावर शेजारीच बसला होता, त्यानं तिच्यासाठी चहा आणला आणि तिनं घेतला. दोघांत शब्द नाही.

आम्ही तिला विचारलं, तुला किती लागले? तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. झेरॉक्स, एसटी, प्रतिज्ञापत्र, बुडालेली मजुरी, सगळं वेगवेगळं. खाली एक ओळ होती, 'दिवाळीला भाऊबीज नाही', आणि तिच्यापुढं आकड्याची जागा कोरी.

नाव लागलं. गेल्या महिन्यात तिनं पोटहिस्सा मोजणीचं विचारलं; दोनशे रुपयांची, पण वाटणीपत्रावर दिराची सही पाहिजे. ती नसल्यानं तिनं शेजाऱ्याच्या बाजूच्या हद्दीसाठी साध्या रस्त्यानं नियमित मोजणीचा अर्ज भरला. दोन हजारांची पावती आली, अर्जदाराच्या जागी तिचं नाव. तिनं ती आम्हाला दाखवली आणि पुन्हा घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याशेजारी. तारीख अजून पडलेली नाही. शेजाऱ्याचा ऊस बांधाला लागून उभा आहे, टोळी आल्याशिवाय काही दिसायचं नाही.